सक्षम व्यक्तीचा खिसा

तीर्थस्वरूप आई,

थोरल्या जावयाचा साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच मानून घ्यावा. कंबर सध्या वाकत नाही. हे पत्रही उभ्यानंच, फडताळाच्या कडेवर कागद ठेवून लिहितो आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही बांधत नाही, असं धाकटीनं थोरलीला सांगितलं आणि थोरलीनं मला. म्हणजे तुमच्या गुडघ्याची बातमीसुद्धा आमच्याकडे तुमच्या धाकट्या जावयांच्या घरावरून येते. असो. इकडे सर्व ठीक. घर जागेवर आहे, तुमची मुलगी जागेवर आहे. अंगण तेवढं जागेवर नाही. त्यातलं बरंचसं ढीग होऊन दारापाशी पडलं आहे आणि उरलेल्या जागी चर आहे. तुमच्या कानावर यातलं काही आलंच असेल, आणि ज्या बाजूनं आलं असेल ती बाजू मला ठाऊक आहे. म्हणून माझ्या बाजूनं लिहितो.

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्ही इकडे येणार आणि नंतर पाय चालता होईपर्यंत इथेच राहणार, हे ठरलं तेव्हा मला आनंद झाला. (सासू राहायला येणार म्हणून जावयाला आनंद झाला, हे कोणी खरं मानत नाही. तुम्ही मानावं.) थोरला जावई मी, तेव्हा मुक्काम आमच्याकडे, यात मला विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मग तुमचा फोन आला आणि तुम्ही म्हणालात, धाकट्यांकडे लिफ्ट आहे. आई, ती लिफ्ट त्यांनी बांधलेली नाही. ते तिथे राहायला गेले तेव्हा ती होतीच. ते चौथ्या मजल्यावर राहतात म्हणून त्यांना लिफ्ट लागते. आम्ही जमिनीवर राहतो, आम्हाला लागत नाही. यात गुण कोणाचा? पण आमचं न्हाणीघर आणि संडास मागच्या अंगणात, तीन पायऱ्या उतरून, हेही खरं. मी लिफ्टपुढे हरलो असतो तर चाललं असतं. तीन पायऱ्यांपुढे हरलो. त्याच आठवड्यात मी आतल्या खोलीला लागून नवीन न्हाणीघर बांधायला घेतलं, तुमच्यासाठी लाकडी पलंग आणला, आणि सांडपाण्याचा पाइप रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत न्यायला पुढच्या अंगणात चर खणायचं ठरवलं. चर खणणं हा माझा धंदाच आहे. त्यात मला कोणी शिकवावं अशी वेळ आली नव्हती.

पुढे जाण्याआधी त्या जाकिटाचा विषय संपवतो. धाकटे आमच्याच कामावर सेफ्टी ऑफिसर झाले, तेव्हा तुम्ही त्यांना नारिंगी रंगाचं, चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट शिवून पाठवलंत. मला त्याचं काही वाटलेलं नाही. मी ते नीटसं पाहिलेलंही नाही. काखेत वारा लागावा म्हणून जाळी लावली आहे, खांद्यावर दुहेरी टीप आहे, डाव्या छातीवर झाकणाचा खिसा आहे, त्या खिशात पेन्सिलीपुरता वेगळा कप्पा आहे, आणि झाकणाच्या आतल्या अंगाला, जिथे कोणी बघायला जाणार नाही, तिथेही तुम्ही कड दुमडून शिवली आहे. एवढंच काय ते ओझरतं दिसलं. तुम्ही इतकी वर्षं शिवणाचं दुकान चालवलंत, तेव्हा हात चांगलाच असणार. कंपनीचं जाकीट त्यांना ढगळ व्हायचं म्हणून तुम्ही शिवलंत असं कळलं. मलाही ढगळ होतं. ते दोन्ही बाजूंनी इतकं उरतं की वाऱ्यात मी एका बाजूला कलतो. पण त्यांची मापं धाकटीनं कळवली आणि माझी थोरलीनं कळवली नाहीत. हा विषय इथे संपला.

धाकटे आधी कुठे होते, हे तुम्हाला माहीत आहे. गोदामात. मी पाइप मागायचा, त्यांनी द्यायचा. मी मुकादम होतो आणि आहे; पाण्याच्या, सांडपाण्याच्या, केबलच्या किती चरांत उतरलो याची गणती नाही. मग कंपनीनं त्यांना कसल्याशा प्रशिक्षणाला पाठवलं. परत आले ते शिट्टी घेऊन. दुसऱ्याच दिवशी चराच्या तोंडाशी पाटी लागली: सक्षम व्यक्तीच्या परवानगीशिवाय कोणीही चरात उतरू नये. सक्षम व्यक्ती म्हणजे रोज सकाळी, आणि पाऊस पडून गेला की पुन्हा, चर तपासणारा माणूस. त्याला काठाची भेग दिसली, तळाशी पाणी दिसलं, तर तो काम थांबवू शकतो. इंजिनियरलाही न विचारता. ही व्यवस्था चांगली आहे. मी तिच्या विरोधात नाही. माझं म्हणणं इतकंच, की त्या पाटीसमोर मला रोज सकाळी त्यांच्याकडे बघत उभं राहावं लागतं आणि ते मान हलवतात तेव्हाच मी उतरतो. ते सक्षम, तर मग मी कोण, हे पाटीवर लिहिलेलं नाही. पण वाचणारा समजून घेतो.

त्यांनी प्रत्येक गोष्टीचं नावही बदललं. काठावरच्या ढिगाला आम्ही ढीग म्हणायचो. तो आता 'उत्खनित माती' झाला आणि काठापासून हातभर तरी लांब, शक्य तर त्याहून लांब, राहायला लागला. बाजूंना फळ्या लावून मधे आडवे धिरे ठोकणं, याला आम्ही धिरे ठोकणं म्हणायचो. ते 'आधारव्यवस्था' म्हणतात. (धिरा तोच. तो ठोकणारा माणूसही तोच.) बाजू कोसळली की आम्ही 'माती बसली' म्हणायचो, जणू दमली बिचारी आणि बसली. ते 'ढासळली' लिहितात. मी एकदा सर्वांसमोर म्हणालो, अहो, शब्द बदलून माती थोडीच ऐकणार आहे? माणसं हसली. तेही हसले. मग म्हणाले, "माती नाही ऐकणार भाऊ. माणसं ऐकतात का बघू." त्यावर माणसं पुन्हा हसली, आणि मला वाटतं जरा जास्तच हसली.

शिट्टीचं तर विचारू नका. नियम असा, की ज्याला भेग दिसेल त्यानं वाजवायची आणि ती ऐकू आली की हातातलं आहे तिथे टाकून शिडीनं वर यायचं. का, कशासाठी, हे वर आल्यावर विचारायचं. वाजवणारा कोणीही असो. पण शिट्टी त्यांच्याच खिशात (म्हणजे त्या खिशात), त्यामुळे वाजवणारे तेच. महिन्यात दोन-तीनदा वाजवतात. आम्ही घाम पुसत वर येतो, काठावर उभे राहतो, चराकडे बघतो. चर आमच्याकडे बघतो. काही होत नाही. एकदा मी विचारलंच, माती पडली का? ते म्हणाले, "पडली असती तर बरं वाटलं असतं का?" या प्रश्नाला उत्तर नसतं. आणि ज्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर नसतं, त्याच्याशी एका घरातल्या दोन मुली वाटून घेणं किती अवघड आहे, हे तुमच्यासारख्या जाणत्या बाईला मी काय सांगावं.

आता अंगणातल्या चराकडे येतो. घराजवळ तो उथळ होता. पण रस्त्यावरचं चेंबर खोल, त्यामुळे फाटकाकडे जाताना तळ उतरत न्यावा लागला. फाटकापाशी मी आत उभा राहिलो तर वरून फक्त माझी टोपी दिसायची. एवढ्या खोलीला धिरे लागतात. तुम्हाला शिवणातलं सांगतो: उभी कड मोकळी सोडली तर ती उसवणारच, कुठून आणि कधी एवढाच प्रश्न. हे मी नव्या माणसांना पहिल्याच दिवशी ओरडून सांगतो. मग स्वतःच्या अंगणात मी धिरे का ठोकले नाहीत? कारण कामावरच्या फळ्या घरी आणायच्या तर धाकट्यांची सही लागते. शिडी का लावली नाही? कारण आमची शिडी पंखा बसवायला म्हणून धाकटे घेऊन गेले होते आणि ती मागायला मी जाणार नव्हतो. ढीग काठावरच का टाकला? कारण तो लांब टाकायचा तर कुंड्या हलवायला हव्या होत्या, आणि थोरली म्हणाली होती, "भाऊजींना विचारून तरी बघा." त्यानंतर मी कुंड्या हलवणं शक्यच नव्हतं.

रविवारी सकाळी मी फाटकापाशी तळ सारखा करत होतो. वर एक सावली आली. धाकटे. अंगात ते जाकीट, सुटीच्या दिवशीही. खांद्यावर आमची शिडी. (थोरलीनं फोन केला होता. माझ्याशी लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तिनं माझ्या सल्ल्यासाठी कधी कोणाच्या घरून फोन केलेला नाही.) त्यांनी शिडी चरात सोडली, काठापासून मागे सरून गुडघ्यावर बसले, ढिगाकडे पाहिलं, मातीवर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, वर या." मी म्हणालो, हे कामाचं ठिकाण नाही, माझं अंगण आहे. ते म्हणाले, काठाला भेग गेली आहे. मी म्हणालो, मला या मातीची ओळख सांगू नका. घर घेतलं तेव्हा इथे मोठा खड्डा होता, तो मी माझ्या हातांनी भरला आहे. इथल्या मातीचा कण न कण मी टाकलेला आहे.

"म्हणूनच वर या," ते म्हणाले.

आई, एकदा खणून पुन्हा भरलेली माती कधीच पहिल्यासारखी धरत नाही. ती सगळ्यात अविश्वासू. हे मला कळत नाही असं नाही. मी हेच कितीतरी जणांना शिकवलं आहे, आणि त्या घटकेला मी तेच मातीचं शिफारसपत्र म्हणून सांगत होतो. त्यांनी शिट्टी वाजवली. माझा पाय आपोआप शिडीकडे गेला. सवय. मी त्याला परत बोलावलं. स्वतःच्या अंगणात साडूच्या शिट्टीवर वर चढायचं, आणि तेही तुमची मुलगी दारात उभी असताना, हे मला जमेना. मी फावडं उचललं, त्यांच्याकडे पाठ केली, आणि माती बसली.

बसली नाही. ढासळली. तो शब्द बरोबर आहे, एवढं मी आता मान्य करतो. आवाज फारसा नाही, कोणीतरी जड गादी टाकावी तसा. मी कमरेपर्यंत आत होतो. दुखत नव्हतं. फक्त कमरेखालचा मी तिथे नव्हतो. टोपी अजून डोक्यावर होती, याचं मला उगाच समाधान वाटलं.

आता यापुढचं नीट वाचावं, कारण धाकटीकडून हे वेगळं आलं असेल. मी बुडालो असताना तुमचे धाकटे जावई धावून आले नाहीत. उडी मारली नाही. हात दिला नाही. त्यांनी थोरलीला अग्निशमन दलाला फोन करायला सांगितलं, आणि मग चराच्या कडेनं लांबून एक फेरी मारून भेग बघितली. मी आत होतो आणि ते तपासणी करत होते! मी ओरडलो, मला ओढा. ते म्हणाले, "ओढायचं नाही, उकरायचं. ओढलं तर भाऊ वर येतील, पाय खाली राहतील." मग थोरलीला म्हणाले, "ताई, फळ्या कुठे मिळतील?" तुमची मुलगी (जिला मी पाणी मागितलं तर आधी ऐकूच येत नाही) एका शब्दावर आत गेली आणि तुमच्या पलंगाच्या फळ्या घेऊन आली. मग पलंगाचे पाय घेऊन आली. दोघांनी वाकून फावड्यांनी काठावरचा ढीग मागे ओढला, कुंड्या हलवल्या (हलल्या, आणि काही बिघडलं नाही), चरात दोन्ही अंगांना फळ्या उभ्या सोडल्या आणि शिडीवरून पलंगाचे पाय मधे आडवे ठोकले. एकेक ठोका मला पाठीत कळत होता. इतक्या सावकाश, इतक्या शिस्तीत, की मला रडू यायला हवं होतं. पण मला आठवतं ते असं, की मी धिऱ्याची पातळी बघत होतो. पातळी चुकलेली नव्हती. चुकली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

त्यानंतरच ते खाली उतरले, फळ्यांच्या आत, आणि माझ्याभोवतीची माती हातांनी उकरायला लागले. बोलत होते सारखे. पाइप कितीचा आणलात, उतार कुठून धरलात, असलं. मी चिडून उत्तरं देत होतो. (आता कळतं की मी बोलत राहावं म्हणून ते विचारत होते. तेव्हा वाटलं, चुका काढताहेत.) मांडीपर्यंत मोकळा झालो आणि समोरची बाजू आली. सगळी. फळ्यांवर. पलंगाची लाकडं अशी कण्हली की मला वाटलं, संपलं. मी हाताला आलं ते घट्ट धरलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा फळ्या वाकल्या होत्या, पण उभ्या होत्या. आम्ही दोघे त्यांच्या आत एकमेकांच्या इतके जवळ होतो की साडू असून हे बरं दिसत नव्हतं. ते म्हणाले, "भाऊ, सोडा आता." मी सोडलं नाही. थोड्या वेळानं अग्निशमनचे लोक आले आणि माझे उरलेले पाय त्यांनी काढून दिले.

कमरेला मुका मार आहे. बाकी सर्व शाबूत. कामावर इंजिनियरनं विचारलं, मुकादम का आले नाहीत, तेव्हा धाकट्यांनी सांगितलं की कंबर धरली आहे. बस, एवढंच. एका शब्दानं अधिक नाही. माणसांमध्येही बोलले नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर पाटीवर लिहिलं असतं. हे त्यांचं वागणं मला सगळ्यात झोंबलं आहे. माणसानं थोडी तरी फुशारकी मारावी, म्हणजे दुसऱ्याला रागवायला जागा राहते.

तात्पर्य, चर खणून झाला आहे, न्हाणीघराच्या भिंती उठल्या आहेत, आणि जमिनीवरचं घर ते जमिनीवरचं घर. तेव्हा मुक्काम आमच्याकडेच व्हावा, ही विनंती. गुडघ्याला पट्टा बांधावा.

आपला,
थोरला जावई

ता. क. सोबतच्या पुडक्यात एक नारिंगी खिसा आहे. डोळे मिटून मी जे धरलं ते हेच होतं. मला बाहेर काढलं तेव्हाही तो मुठीत होता आणि डॉक्टरांना बोटं एकेक करून उघडावी लागली. तुमची शिवण कुठेही उसवलेली नाही, हे मुद्दाम लिहितो. शिवणीच्या बाहेरून कापड फाटलं. मधल्या काळात टिपेनं जेवढं धरायचं तेवढं धरलं. जाकीट धाकटीकडून मागवून घेऊन तो पुन्हा लावावा. मी पाठवला हे धाकट्यांना कळू नये. नाहीतर कळलं तरी चालेल.

ता. क. २. मुक्काम धाकट्यांकडेच करावा. आमच्याकडे पलंग नाही. तो चरात उभा आहे आणि पाइप पडून माती भरेपर्यंत सक्षम व्यक्ती तो काढू देत नाही. आमच्या फाटकाला तिनं पाटीही लावली आहे. मी लिफ्टनं भेटायला येत जाईन.

ता. क. ३. त्या खिशात शिट्टी होती. ती पुडक्यात नाही. सापडली नाही असं मी त्यांना सांगितलं होतं, म्हणून ते कंपनीची दुसरी वापरतात. तिचा आवाज फाटका आहे. पत्र बंद करणार होतो, तेवढ्यात ते पाइपाचा उतार तपासायला आले आणि धिरे संपतात त्याच्या पुढे, काठावर ओणवे झाले. मी खिडकीत उभा होतो. त्यांच्या पायामागे मातीवर एक रेघ होती. सुतळीएवढी. सकाळी नव्हती. माझ्या हातात शिट्टी कधी आली मला कळलं नाही. मी वाजवली. ते वळूनही न बघता उडी मारून मागे झाले, कुंड्यांपर्यंत. का म्हणून विचारलं नाही. मग खिडकीकडे पाहिलं, शिट्टीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ठेवा तुमच्याकडेच."

माती पडली नाही. आम्ही दोघे बराच वेळ बघत होतो.

माझी मापं थोरलीनं मागच्या बाजूला लिहिली आहेत. खिसा त्यांच्यासारखाच नको; पेन्सिलीचा कप्पा नसला तरी चालेल. शिट्टी मावावी.